शनिवारचा घास

अंधेरी (पश्चिम)
सोमवार, ८ जुलै २०२४

आदरणीय सरूआजी,

नमस्कार. मी दर्शना सोनकांबळे, तुमच्या नेत्राची वर्गशिक्षिका, तिसरी ब. खरं तर फोनच करणार होते, पण नेत्रा म्हणाली, "आजीला फोनवर काय ऐकू येत नाय. पण कागदावरचं आजी काहीपण वाचते." म्हणून हे पत्र तिच्याच दप्तरातून पाठवते आहे. तिचे आईबाबा दोघंही कामावर असतात, घरी तिचं सगळं तुम्हीच बघता, तेव्हा तुमच्याशीच बोलावं असं वाटलं.

गेले आठ-दहा दिवस नेत्रा डबा खात नाही. मधल्या सुट्टीत झाकण जरासं उचलून आत बघते आणि परत लावून टाकते. विचारलं तर "भूक नाही." मग मागच्या बाकावरच्या आकाशकडून कळलं की सुकटीच्या वासावरून दोन-तीन मुलं नाक दाबतात आणि तिला "ए बाजार" म्हणून हाक मारतात. मी त्यांना रागावले. रागावल्यावर तोंडं बंद झाली, पण नाकावरचे हात काही खाली आले नाहीत.

म्हणून मी एक ठरवलं आहे. दर शनिवारी 'शेजाऱ्याचा घास'. प्रत्येकानं शेजारच्याच्या डब्यातला एक घास खायचा आणि तो पदार्थ कुठला, कुणी केला, ते वर्गाला सांगायचं. माझ्याकडे सव्वीस मुलं आहेत, कुणी मराठवाड्यातलं, कुणी कोकणातलं, कुणी पार बिहारमधलं. एकमेकांच्या घरचं पोटात गेलं की चिडवणं आपोआप सुटेल असं मला वाटतं.

येत्या शनिवारी पालकसभा आहे, म्हणून २० तारखेपासून सुरू करतो. त्या दिवशी नेत्राला ब्रेड-जॅम देऊ नका. तुमचं नेहमीचंच द्या.

आपली,
दर्शना सोनकांबळे


वेसावे कोळीवाडा
गुरुवार, ११ जुलै २०२४

दर्शनाबाईंना सरूबाई बळवंत टपके हिचा नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा काय लिहिलंय ते बघायला, आणि एकदा नुसतं अक्षर बघायला. मी शाळेत गेले नाही हो. चाळीस वर्षं अंधेरीच्या बाजारात मासळी विकली आणि मासळी बांधायच्या रद्दीवरून वाचायला शिकले. गिऱ्हाईक नसलं की कागद पसरायचा आणि अक्षराला अक्षर लावत बसायचं. त्यामुळे मला कुठल्याच बातमीचा शेवट माहीत नाही, खालचा अर्धा कागद बोंबलांबरोबर कुणाच्या तरी पिशवीत गेलेला असायचा. लिहायला शिकले ती नेत्रा पहिलीत गेल्यावर, तिच्या पाटीवर. तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वासाचं म्हणाल तर वास येतो, हे खरंच आहे. मासळीला मोगऱ्याचा वास कुठून येणार. माझ्या हाताला येतो, पदराला येतो. नेत्राचे आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, त्यांची बंडी पेटीतून काढली की अजून येतो, आणि तो आला की मला झोप बरी लागते. पण आठ वर्षांच्या पोरीला हे कसं सांगणार. तिला म्हटलं, "ते चिडवतात ना, मग तूपण चिडव." तर कानाशी तोंड आणून म्हणते, "आजी, त्यांच्या डब्याला वासच नाय. काय चिडवू?"

तुमची शनिवारची गोष्ट मला फार आवडली. सध्या होड्या बंद आहेत, नारळी पुनवेपर्यंत सगळं सुक्यावरच चालतं. तर जवळ्याचं सुकं करते, कांदा सढळ हातानं घालते, बरोबर तांदळाची भाकरी. तिखट बेताचं ठेवते, कारण शेजारी दीप्ती बसते ना? घरी आल्यापासून झोपेपर्यंत 'दीप्ती अशी आणि दीप्ती तशी' चालू असतं. परवा फाटकाशी मला लांबून दाखवलीसुद्धा. गोड पोर आहे.

भाकऱ्या दोन जास्त देते. तुम्हीपण खा.

सरूबाई


अंधेरी
शनिवार, २० जुलै २०२४

सरूआजी,

मुलं आत्ताच घरी गेली. रिकाम्या वर्गात बसून लिहिते आहे. आज तुम्ही इथं हव्या होतात.

विकीनं आकाशच्या डब्यातला ठेचा खाल्ला आणि नळाखाली तोंड धरून उभा राहिला, तेव्हापासूनच वर्ग हसत होता. मग दीप्तीची पाळी आली. नेत्रानं डबा उघडला, पण हात झाकणावरच ठेवला, कधीही बंद करता यावं म्हणून. दीप्तीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं डोळे मिटून घास तोंडात घातला, जरा चावला, आणि म्हणाली, "कुरकुरीत आहे गं. अजून एक घेऊ?" मागून कुणीतरी ओरडलं, "मलापण दे ना यार." पाच मिनिटांत डबा रिकामा. नेत्रा इतकी हसत होती की तिच्या नुकत्याच पडलेल्या दाताची जागा सगळ्या वर्गानं बघून घेतली.

दहा वर्षं शिकवत राहिले तरी असा दिवस परत मिळेल की नाही, देव जाणे.

मंगळवार, २३ जुलै

हे पत्र द्यायचं राहून गेलं होतं. आता त्याच कागदावर पुढचं लिहायला हात धजत नाही.

दीप्तीच्या गळ्यात तुळशीची माळ असते. मी ती रोज पाहत होते, पण आमच्यात कुणी घालत नाही, त्यामुळे मला ती नुसती माळच वाटत होती. त्यांचं घर माळकरी, तीन पिढ्यांचं. रविवारी गुरुपौर्णिमेच्या भजनाला बसल्यावर ती रडायला लागली आणि घरी सगळं सांगितलं. माळ असताना मासळी पोटात गेली म्हणून आजोबांना तिच्या गळ्यातली माळ उतरवावी लागली.

काल ते शाळेत आले. श्यामसुंदर नाव त्यांचं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं मन चांगलं आहे, कळतंय मला. पण पोरगी घास खाण्याआधी तुमच्याकडे बघत होती म्हणे. ती विचारत होती तुम्हाला. तुम्ही नुसती मान हलवलीत."

मोठ्या बाईंनी शनिवारचा घास बंद केला आहे. यापुढे मुलांना शाळेत फक्त शाकाहारी डबा. ती सूचना सव्वीस डायऱ्यांमध्ये मीच लिहिली, नेत्राच्याही.

आणि आज सुट्टीत दीप्ती तिला म्हणाली, "तुझ्या डब्यामुळे माझी माळ गेली." नेत्रा दप्तर उचलून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिला जरा जवळ घ्या. चूक माझी आहे, आणि ती तिच्या डोक्यावर पडली आहे.

दर्शना


वेसावे
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

दर्शनाबाई,

तुम्ही म्हणत असाल, म्हातारीनं तीन आठवडे उत्तर दिलं नाही. तुमचं पत्र मला आज मिळालं. दप्तर धुवायला काढलं, तर तळाच्या पुठ्ठ्याखाली होतं. घडीवर घडी घालून एवढंसं केलेलं. तिनं ते वाचलं असणार. बाईंचं सरळ धावतं अक्षर तिला वाचता येतं, कारण मीच तिला माझ्याबरोबर कागद वाचायला बसवते. यापुढे दप्तरातून काही पाठवू नका, पोष्टानं पाठवा. खाली पत्ता लिहिला आहे.

आता ऐका. चूक एकट्या तुमची नाही. नेत्रानं फाटकाशी दीप्ती दाखवली ना, त्याच दिवशी मी तिच्या गळ्यातली माळ बघितली होती. आणि मला माळ म्हणजे काय ते पक्कं ठाऊक आहे. माझं एक गिऱ्हाईक होतं, राधाबाई, वीस वर्षांची ओळख. तिनं माळ घातली त्या सकाळी मला दारात थांबवून म्हणाली, "सरू, आजपासून मासळी बंद. पण चहाला येत जा." मी मासळीची पाटी बाहेर ठेवून तिच्याकडे चहा घ्यायचे, पुढे ती असेपर्यंत. तिनं माझी पाटी आत बोलावली नाही आणि मीही तिला कधी एक कोळंबी पुढे केली नाही. आमचं काही बिघडलं नाही.

म्हणजे मला सगळं कळत होतं. तुम्हाला एका ओळीत लिहिता आलं असतं, त्या पोरीला माझ्या डब्यातलं देऊ नका म्हणून. नाही लिहिलं. माझ्या नेत्राच्या डब्यातलं कुणीतरी खाणार, एवढ्याचीच मला हाव सुटली होती. मनाला म्हटलं, बाई शिकलेल्या आहेत, त्यांना माहीत असेल. तिखट बेताचं ठेवलं आणि गप्प बसले.

आता घरचं सांगते. नेत्रा मासळी खात नाही. खात नाही तर नाही, त्याचं मला काही वाटत नाही. पण ती माझ्याजवळून उठली की साबणानं हात धुते. बोटांची सालं निघाली आहेत. पहिल्यापासून माझ्या कुशीत झोपणारी पोर, आता आईच्या पलीकडे झोपते. परवा मी शाळेत सोडायला निघाले तर म्हणाली, "आजी, तू नको येऊ ना. तुझ्या पदराला येतो." काय येतो तेसुद्धा म्हणाली नाही. मी पदराकडे बघितलं आणि म्हटलं, "बरं, आज तुझी आई सोडेल."

माझा परेश, नेत्राचा बाप, म्हणतो, इंग्लिश शाळेत घालू, कांदिवलीकडे. एक विचारते, मला एकदा वर्गात येऊ द्याल का? मासळी आणणार नाही. नुसती येईन. पोरीला कळू दे की तिच्या आजीला चारचौघांत बसवतात.

सरूबाई


कांजूरमार्ग
गुरुवार, १५ ऑगस्ट २०२४

सरूआजी,

झेंडावंदन करून घरी आले आणि तुमचं पत्र वाचलं. जरूर या. मोठ्या बाईंना मी लगेच फोन करून विचारलं, त्या हो म्हणाल्या. शनिवार, २४ तारीख. नारळी पौर्णिमाही होऊन गेलेली असेल.

तुम्ही तुमचं मोकळेपणानं लिहिलंत, तर मलाही लिहायला हवं.

आम्ही बौद्ध. आईवडील लातूरकडचे, मी वाढले इथंच, कांजूरला. आमच्याकडे रविवारी सुकटीची चटणी असतेच. वडिलांना त्याशिवाय रविवार वाटत नाही. या शाळेत मला सहा वर्षं झाली. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये एकीनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा." मग थोडं थांबून, अगदी प्रेमानं, "पण वाटत नाही हो तुमच्याकडे बघून." मी हसले. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. सहा वर्षं, आजी. आई म्हणते, तुला कंटाळा कसा येत नाही गं.

त्या शनिवारी सगळ्यांचे घास झाल्यावर नेत्रानं मला विचारलं होतं, "बाई, तुमचा घास कोण खाणार?" मी म्हटलं, "माझा डबा स्टाफरूममध्ये आहे." तेवढ्यावर ती जागेवर जाऊन बसली. पण तिच्या लक्षात आलं असेल असं मला आता रोज वाटतं. जे मला तिशीत जमलं नाही ते मी एका आठ वर्षांच्या मुलीकडून सव्वीस जणांसमोर करून घेतलं.

एक बरी बातमी. दीप्तीच्या आजोबांनी तिला सांगितलंय की येत्या एकादशीला माळ परत घालू, त्यात एवढं रडण्यासारखं काही नाही. तर ती म्हणते, आधी नेत्राशी बोलते, मग घालते. पण नेत्रा तिच्याकडे बघतच नाही. शनिवारी तुम्ही आलात की दोघींना एकत्र बसवू.

दर्शना


अंधेरी
शुक्रवार, २३ ऑगस्ट २०२४

सरूआजी,

हे पत्र तुम्हाला उद्याच्या आत मिळणार नाही, तरी लिहिते.

काल परेशभाऊ येऊन नेत्राचा दाखला घेऊन गेले. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, शनिवारी आजी येणार आहेत. ते म्हणाले, "बाई, म्हणूनच तर." आणि दाखला खिशात घालून जिना उतरले.

नेत्रा फाटकाशी उभी होती, वर आली नाही. दीप्तीला खिडकीतून दिसली तशी ती वर्ग सोडून धावत खाली गेली. मी थांबवलं नाही. ती पोचेपर्यंत रिक्षा निघाली होती.

तुम्ही कशा आहात?

दर्शना


वेसावे
रविवार, १ सप्टेंबर २०२४

दर्शना,

आता मी तुला बाई म्हणणार नाही. तुझं १५ तारखेचं पत्र वाचल्यापासून मला तू घरातलीच वाटायला लागली आहेस. तुला आवडलं नाही तर सांग.

आधी तुझं. 'वाटत नाही हो' म्हणणारी ती जी कोण आहे, तिला मी ओळखत नाही, पण तसली गिऱ्हाइकं मी पुष्कळ बघितली आहेत. "सरू, तू किती स्वच्छ गं, कोळणीसारखी नाय वाटत." पापलेट घ्यायला येऊन हे बोलायचं. मीपण तुझ्यासारखीच हसायचे. हसून पापलेट साफ करून द्यायचे. तेव्हा आपण दोघी सारख्याच. पण तुझा डबा तू खा बाय. चटणी ने.

नेत्रा खुशीत आहे. काळजी करू नकोस. नवी शाळा मोठी आहे, बूट-टाय सगळं आहे. घरही तिकडेच घेतलंय भाड्यानं, कांदिवलीला, चौथा मजला, लिफ्ट आहे. नंदाला, म्हणजे माझ्या सुनेला, ऑफिस जवळ पडतं. मला म्हणत होते चल, मीच नको म्हटलं. माझा जीव इथंच रमतो. दर्याचा आवाज आता ऐकू येत नाही, पण आहे ते कळतं.

२४ तारखेला मी आले नाही. आदल्या रात्री लुगडं काढून ठेवलं होतं, सकाळी घडी करून परत पेटीत ठेवलं. म्हटलं, ज्या पोरीसाठी जायचं तीच नाही. मग आठ दिवस विचार करत होते. नेत्रा नसली म्हणून काय झालं, नाक दाबणारी पोरं अजून तिथंच आहेत ना. आणि ती दीप्ती. तर मी येते. गणपती होऊन जाऊ देत, २१ तारखेचा शनिवार ठेव.

तुझी,
सरूआजी


कांजूरमार्ग
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

आजी,

काल तुम्ही बोलत होतात, मुलं ऐकत होती, आणि मुलं जे बोलत होती ते तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं. म्हणून ते सगळं लिहून पाठवते.

तुम्ही रिकामी पाटी टेबलावर ठेवून म्हणालात, "जवळ येऊन वास घ्या. ज्याला नको त्यानं खिडकीपाशी बसा, तिथं वारा आहे. मला राग येणार नाही." तेव्हा विकी म्हणाला, "खरंच राग नाय येणार काय?" आणि नाक दाबून खिडकीत गेला. तुम्ही त्याच्याकडे बघून हसलात आणि पुढे बोलत राहिलात. दहा मिनिटांनी तो पाटीपाशी होता, ते तुम्ही पाहिलंतच. तो आकाशला सांगत होता, "ए, हा वास आमच्या मामाच्या टेम्पोला येतो रे. मला तो टेम्पो आवडतो."

तुमचे हात सगळ्यांनी हातात घेऊन बघितले. कोयत्याच्या खुणा मोजून एक जण म्हणाला, "आजीची फायटिंग झाली होती." सुबोधनं विचारलं, "आजीला मशीन का नाय लावत कानात?" दुसरा म्हणाला, "मग आपलं सगळं ऐकू येईल ना तिला, येडा."

राधाबाईंची आणि चहाची गोष्ट तुम्ही सांगितलीत तेव्हा वर्गात चिडीचूप शांतता होती. तुम्हाला नेहमीच शांत वाटत असेल, पण ही खरी होती. मला जे दोन महिने कळत नव्हतं ते तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. एकमेकांचं खाल्लंच पाहिजे असं नाही. विचारावं, आणि नाही म्हणणाऱ्याच्या शेजारीही बसावं.

आता जे लिहायचं टाळते आहे ते. दीप्तीनं तुम्हाला तीनदा विचारलं, "नेत्रा कधी येणार?" तुम्हाला कळलं नाही, तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवत होतात. तिसऱ्या वेळी तिनं माझ्याकडे बघितलं, मी ते फळ्यावर लिहून तुम्हाला दाखवावं म्हणून. मी खडू उचलला आणि ठेवून दिला. तिची माळ आता परत आली आहे. निघताना तिनं तुमच्या हातात दिली ती चिठ्ठी नेत्रासाठी आहे. मला वाचून दाखवली होती तिनं. सोमवारी आल्या आल्या ती मला विचारणार, "दिली का आजीनं?" आणि मग रोज विचारेल.

शुक्रवारी मी चटणी नेली होती. स्टाफरूममध्ये डबा उघडला. एकीनं उठून खिडकी उघडली. एकीनं बोटभर घेतली आणि "माझी आजी करायची" म्हणाली. बाकीच्या त्यांच्या त्यांच्या डब्यात बघत होत्या. मी सगळा डबा संपवला. चव काही कळली नाही, पण संपवला.

तुमची,
दर्शना


वेसावे
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

प्रिय दर्शना,

उत्तराला महिना लागला. पोरांचं बोलणं तू लिहून पाठवलंस ते मी किती वेळा वाचलं याचा हिशेब नाही. फायटिंगची गोष्ट तर मी बाजारात सगळ्यांना सांगितली.

तुला मागे लिहिलं होतं की मीच कांदिवलीला जायला नको म्हटलं. ते खोटं होतं. त्या घरमालकाची अट आहे, घरात मासळी-मटण शिजवायचं नाही, आणायचं नाही. परेशनं मान्य केली. मला म्हणाला, "आई, तू आलीस तर तुला जमणार नाही." मी म्हटलं, मी खाणार नाही रे, माझे किती दिवस राहिलेत. तो खाली बघत बसला. मग माझ्या लक्षात आलं, त्याला माझ्या खाण्याची काळजी नव्हती. माझ्या अंगाला येतो ना. लिफ्टमध्ये कुणी काही बोलेल, आणि पोरगी बरोबर असेल. तो वाईट नाही गं. लहानपणी त्यानंही 'ए बाजार' ऐकलेलं आहे, मला कधी सांगितलं नव्हतं एवढंच. परवा पहिल्यांदा सांगितलं.

नेत्रा खुशीत आहे हे मात्र खरं आहे. पाठांतरात पहिली आली. नवीन मैत्रिणी आहेत. नंदा सांगत होती, नव्या शाळेत बाईंनी घरातल्या माणसांची नावं लिहून आणायला सांगितली, तर नेत्रानं लिहिलं, आजी गावी असते. नंदानं विचारलं, "अगं, कुठलं गाव?" तर म्हणाली, "असंच."

गेल्या बुधवारी मी कांदिवलीला गेले होते. घरी नाही, शाळेकडे. सकाळी दोनदा अंघोळ केली. लुगडं बाजारात कधी न नेसलेलं, पेटीतलं. डोक्याला शिकेकाई लावली. दीप्तीची चिठ्ठी कमरेला खोचली होती. तू ती ऐकली आहेस, तरी लिहिते. 'नेत्रा, मी तुला वाईट बोलली. माझी माळ परत आली. तुझा डबा तू खा, माझा मी खाईन. पण शेजारी बस.' एवढं शहाणपण त्या पोरीला आलं आणि आपल्या दोघींना त्या शनिवारी आलं नाही.

शाळा सुटली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे, औषधांच्या दुकानापाशी उभी होते. नेत्रा तीन मुलींबरोबर बाहेर आली. टाय लावलेली, केस कापलेले. गळ्यात बाटली. काहीतरी सांगत होती आणि तिघी हसत होत्या. मग तिनं मला बघितलं.

दर्शना, तिनं मला न ओळखल्यासारखं केलं नाही, एवढं तुला सांगते. ओळखलं. तिचं बोलणं मध्येच थांबलं, आणि तिनं बाटलीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. डोळे माझ्या तोंडावर होते. मी हाक मारीन याची तिला भीती वाटत होती. आता ही रस्ता ओलांडून येणार, 'नेत्रा बाय' म्हणणार, मला जवळ घेणार, आणि या तिघी बघणार. माझ्या नातीला माझी भीती वाटत होती, आणि तिला रडूही येत होतं. दोन्ही एकाच तोंडावर.

तिला किती वेळ तसं उभं ठेवायचं. म्हणून मी पाठ फिरवली. दुकानदाराला उगाच डोकेदुखीची गोळी मागितली. तो काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं, मी नुसती मान हलवत होते. पैसे देऊन वळले तोवर ती गेली होती. बिनघोर गेली असेल.

चिठ्ठी माझ्याकडेच आहे. परेशच्या हातीही दिली असती, पण ती वाचून नेत्रा परत दप्तराच्या तळाशी ठेवील, घडीवर घडी घालून. आणखी एक वजन कशाला तिच्या पाठीवर. मोठी होऊ दे, मग देईन. मी असले तर.

दीप्ती रोज विचारत असेल. तिला सांग, आजीनं चिठ्ठी हरवली. म्हातारी आहे, बहिरी आहे, विसराळू आहे, काय वाटेल ते सांग. पण नेत्राला मिळाली आणि तिनं उत्तर दिलं नाही असं त्या पोरीला वाटू देऊ नकोस. नेत्राच्या नावाला काही लागायला नको.

तुझी,
सरूआजी